ब्राउझर प्लगइन मागतोय, पण मला ते टाकायचं नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येतात. शब्द बहुतेक त्यांचेच, काटछाट आमची. विंडोज १० किंवा ११ असलेला संगणक गृहीत धरला आहे. मॅक, लिनक्स आणि मोबाइलवाल्यांनी आधी प्रश्न १४ पाहावा. घाईत असाल तर बाकी सगळं सोडा, पण प्रश्न २ वाचल्याशिवाय कुठलंही 'डाउनलोड' बटण दाबू नका.

१. प्लगइन म्हणजे नेमकं काय? क्रोममध्ये मी ढीगभर एक्स्टेन्शन टाकली आहेत, ती वेगळी का?

हो, वेगळी. एक्स्टेन्शन हा भाडेकरू आहे, घरमालकाने म्हणजे ब्राउझरने दिलेल्या खोल्यांतच फिरतो. प्लगइन म्हणजे सगळ्या किल्ल्या घेऊन बसलेला घरजावई. तो संगणकावरचा स्वतंत्र प्रोग्रॅम असतो, पानातला एक चौकोन ताब्यात घेतो आणि तिथून पुढे काय करतो यावर ब्राउझरचा फारसा वचक नसतो. १९९५-९६ च्या सुमारास ब्राउझरला ना व्हिडिओ दाखवता यायचा ना ॲनिमेशन. म्हणून नेटस्केपने एनपीएपीआय आणि मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हएक्स अशा सोयी काढल्या. फ्लॅश, जावा ॲपलेट, सिल्व्हरलाइट ही सगळी त्यांच्यावरच उभी होती.

सुरक्षेची भोकं बुजवता बुजवता सगळ्यांच्या नाकी नऊ आले आणि एकेकाने दार लावून घेतलं. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये एनपीएपीआय पूर्ण काढलं, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकी सगळं. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला, सिल्व्हरलाइटचा १२ ऑक्टोबर २०२१ ला, आणि १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्स्प्लोररही निवृत्त झाला.

तेव्हा आज एखादं पान प्लगइन मागत असेल तर तीनच शक्यता उरतात. पान खरोखर जुनं आहे, पान खोटं बोलतंय, किंवा ज्याला ते 'प्लगइन' म्हणतंय तो खरं तर संगणकावर वेगळा चालणारा मदतनीस प्रोग्रॅम आहे.

२. 'तुमचा फ्लॅश प्लेअर जुना झाला आहे, अपडेट करा' असं येतं. करू का?

नाही. फ्लॅशचं नवं अपडेट कुठूनही येत नाही, त्यामुळे ते मागणारं पान शंभर टक्के फसवं. 'तुमचा क्रोम जुना आहे' असं एखाद्या बातमीच्या किंवा सिनेमाच्या पानावर आलं तरी तेच. ब्राउझर स्वतःचं अपडेट स्वतःच्या मेनूतून करतो, पानाच्या मधोमध चौकट टाकून नव्हे. २०१७ मध्ये तर 'होफ्लरटेक्स्ट नावाचा फॉन्ट सापडला नाही' असं सांगून, पानावरची अक्षरं मुद्दाम बिघडवून, क्रोमवाल्यांच्या गळ्यात व्हायरस मारला जात होता.

सध्याची तऱ्हा आणखी धीट आहे. पान सांगतं, 'विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर.' तुम्ही जे पेस्ट करता ती त्यांनी आधीच क्लिपबोर्डवर ठेवलेली आज्ञा असते. कुठल्याही प्रामाणिक पानाला याची गरज पडत नाही.

फाइल नुसती उतरली असेल आणि उघडली नसेल, तर पुसून टाका, विषय संपला. उघडली असेल तर इंटरनेट तोडा, विंडोज सिक्युरिटीतून ऑफलाइन स्कॅन चालवा आणि बँकेचे व ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन. 'बघू संध्याकाळी' म्हणू नका.

३. पान म्हणतं 'हे संकेतस्थळ फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये चालते' आणि पुढे जाऊच देत नाही. खरंच तसं असतं का?

कधी खरं, कधी नुसती धमकी. बऱ्याच जुन्या पानांत ब्राउझरचं नाव तपासणारी एक ओळ असते. ती लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो, ओळ मात्र राहते. अशा पानाला खोटं नाव सांगितलं की ते मुकाट उघडतं.

क्रोम किंवा एजमध्ये एफ-१२ दाबा. उघडलेल्या पट्टीतल्या तीन टिंबांतून 'मोअर टूल्स' आणि तिथे 'नेटवर्क कंडिशन्स' निवडा. 'युजर एजंट'समोरची 'ब्राउझर डीफॉल्ट'ची खूण काढा, यादीतून दुसरा ब्राउझर घ्या आणि पट्टी उघडी ठेवूनच पान पुन्हा लोड करा. पट्टी बंद केली की सोंग उतरतं.

पान उघडलं, मेनू चालले, यादी आली, म्हणजे ती नुसती नावाची तपासणी होती. पान उघडलं पण मधे रिकामा करडा चौकोन राहिला, तर त्याला खरोखर प्लगइन हवं आहे. मग प्रश्न ४ कडे या. एक सावधगिरी: सोंग घेऊन मोठा अर्ज भरू नका. पहिली तीन पानं चालतात आणि शेवटचं 'सबमिट' मुकं निघतं. आधी खोटी-खोटी माहिती भरून शेवटच्या पानापर्यंत जाता येतं का ते बघा.

याच जातीचा आणखी एक त्रास म्हणजे मजकूर मागे आलेला असतो आणि वर 'प्लगइन टाका'ची चौकट बसलेली असते. फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिनसारख्या एक्स्टेन्शनने ती चौकट तेवढी निवडून काढता येते. तिथेच एफ-९ दाबून वाचन-दृश्य उघडलं तरी बहुतेक वेळा भागतं.

४. एजमध्ये म्हणे जुना इंटरनेट एक्स्प्लोरर दडलेला आहे. तो कसा काढायचा?

त्याला आयई मोड म्हणतात. एजच्या सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट ब्राउझर' हा भाग उघडा, 'इंटरनेट एक्स्प्लोरर मोडमध्ये साइट रीलोड करू द्या' याला 'अलाउ' करा आणि एज बंद करून पुन्हा उघडा. मग त्याच भागातल्या 'इंटरनेट एक्स्प्लोरर मोड पेजेस'च्या यादीत हव्या त्या पानाचा पत्ता टाका आणि ते पान पुन्हा लोड करा. ॲक्टिव्हएक्स इथे चालतं. फ्लॅश चालत नाही, कारण ते खुद्द अडोबीनेच १२ जानेवारी २०२१ पासून आतून बंद पाडलं आहे.

'महिन्याभराने आपोआप बिघडलं' अशी तक्रार हमखास येते. बिघडत काही नाही. तुम्ही यादीत टाकलेलं पान ३० दिवसांनी आपोआप गळतं, पुन्हा टाकायचं. ऑफिसात शंभर संगणक असतील तर तुमच्या आयटीवाल्यांना 'एंटरप्राइज मोड साइट लिस्ट' करायला सांगा, तिला ही मुदत नसते. आयई मोड किमान २०२९ पर्यंत चालू ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे.

५. सोसायटीच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर ब्राउझरमध्ये उघडला की लॉगिन होतं, पण चित्राच्या जागी 'प्लगइन डाउनलोड करा' येतं. डाउनलोड करून टाकलं तरी तेच! काय करायचं?

सेक्रेटरी मंडळींचा हा लाडका प्रश्न. 'टाकलं तरी तेच' होतं कारण जुन्या डीव्हीआरमधून उतरणारी ती फाइल ॲक्टिव्हएक्स किंवा एनपीएपीआयची असते. ती नीट बसते, फक्त क्रोमला ती दिसतच नाही. दहा वेळा टाकली तरी दिसणार नाही.

तुम्हाला पाहिजे आहे चित्र, तेव्हा प्लगइनचा नाद सोडून चित्राकडे जाणाऱ्या इतर वाटा बघा. पोलिसांनी एखाद्या रात्रीचं फुटेज मागितलं असेल तर ब्राउझर उघडूच नका. डीव्हीआरला माउस आणि मॉनिटर जोडा, पुढच्या यूएसबीत पेनड्राइव्ह लावा आणि बॅकअपच्या मेनूतून तारीख-वेळ टाकून काढा. ऑफिसातून रोज बघायचं असेल तर कंपनीचंच फुकट मिळणारं डेस्कटॉप सॉफ्टवेअर घ्या. हाइकव्हिजनचं आयव्हीएमएस-४२००, दाहुआचं स्मार्टपीएसएस. तुमच्या डब्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव असेल तर त्या कंपनीच्या अधिकृत पानावर शोधा, भलत्याच साइटवरून उचलू नका.

एकदोनच कॅमेरे बघायचे असतील तर व्हीएलसी पुरतो. 'मीडिया' मेनूतल्या 'ओपन नेटवर्क स्ट्रीम'मध्ये आरटीएसपीने सुरू होणारा पत्ता टाकायचा, पोर्ट बहुधा ५५४. हाइकव्हिजनमध्ये पत्त्याच्या शेवटी १०१ म्हणजे पहिल्या कॅमेऱ्याचं पूर्ण चित्र, १०२ म्हणजे त्याचंच हलकं चित्र, २०१ म्हणजे दुसरा कॅमेरा. नेट हळू असेल तर १०२ घ्या, गेटवर कोण आलं एवढं दिसायला ते भरपूर झालं.

नव्या फर्मवेअरच्या डीव्हीआरमध्ये प्लगइनशिवायही थेट चित्र दिसतं, पण अनेकदा एच.२६५ या पद्धतीने आवळलेलं चित्र तिथे उमटत नाही. सेटिंग्जमध्ये सब-स्ट्रीम, म्हणजे ते हलकं चित्र, एच.२६४ करून पाहा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

हे काहीच जमलं नाही तर आयई मोड (प्रश्न ४). त्यासाठी कंट्रोल पॅनेलमधल्या 'इंटरनेट ऑप्शन्स'च्या 'सिक्युरिटी' भागात 'ट्रस्टेड साइट्स' निवडून डीव्हीआरचा आयपी पत्ता घाला. 'सर्व्हर व्हेरिफिकेशन'ची खूण आधी काढा, नाहीतर साध्या एचटीटीपीचा पत्ता तो घेत नाही. ॲक्टिव्हएक्सची सूट द्यायची ती याच कप्प्यात. 'इंटरनेट' कप्प्यातले नियम सैल करून ठेवणारा टेक्निशियन भेटला तर त्याला चहा पाजा आणि सेटिंग पूर्ववत करून घ्या.

घरून बघता यावं म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून डीव्हीआर थेट इंटरनेटवर सोडू नका. २०१६ मधल्या मिराई हल्ल्यात, कारखान्यातून आलेला पासवर्डही न बदललेले असेच डीव्हीआर आणि कॅमेरे हजारोंनी राबवले गेले होते.

६. जीएसटी, आयकर, ई-निविदा, जिथे जावं तिथे 'सायनर' टाका म्हणतात. हे टाळता येईल का?

सायनर टाळता येत नाही. डिजिटल सही मात्र अनेकांना टाळता येते, म्हणून आधी ती लागते का ते बघा.

डीएससीची, म्हणजे डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राची, गुप्त किल्ली पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या यूएसबी टोकनच्या आत असते आणि बाहेर येत नाही. ब्राउझरमधल्या पानाला टोकनपर्यंत हात पोचवता येत नाही. पूर्वी हे काम जावा ॲपलेट करायचं. ते गेल्यावर प्रत्येक पोर्टलने आपापला छोटा मदतनीस प्रोग्रॅम काढला. जीएसटीचा एमसायनर, आयकराचा एमब्रिज. पान तुमच्याच संगणकावरच्या १२७.०.०.१ या पत्त्यावर या मदतनीसाशी बोलतं आणि तो टोकनकडून सही करून आणतो.

आता सुटका कोणाची? जीएसटीत प्रोप्रायटर आणि भागीदारी संस्थांना ईव्हीसी, म्हणजे ओटीपीवर रिटर्न भरता येतं. कंपनी आणि एलएलपीला डीएससी सक्तीची. ऑडिट लागू नसलेल्या व्यक्तीला आयकर रिटर्न आधार ओटीपीने किंवा नेट बँकिंगमधून पडताळता येतं. त्यासाठी टोकन आणि एमब्रिज घेऊन बसायचं कारणच नाही. ई-निविदेत मात्र डीएससी लागतेच, तिथे पळवाट शोधण्यात वेळ घालवू नका. त्यासाठी ऑफिसातला एक लॅपटॉप बाजूला ठेवा. त्यावर टोकनचा ड्रायव्हर, सायनर आणि ब्राउझर एवढंच असू द्या आणि निविदेच्या शेवटच्या दिवशी त्यावर काहीही अपडेट करू नका.

टोकन आणि त्याचा पिन दोन्ही एकाच पाकिटात घालून दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची पद्धत फार आहे. कायद्याच्या दृष्टीने ती तुमची सही आहे.

७. कालपर्यंत एमसायनर चालत होता. क्रोम अपडेट झाला आणि 'सर्व्हरशी संपर्क होत नाही'. पुन्हा टाकलं, फरक नाही.

पुन्हा टाकण्याआधी दोन गोष्टी बघायच्या होत्या. २०२५ च्या अखेरीपासून क्रोम, एखादं पान तुमच्या संगणकाशी किंवा घरच्या नेटवर्कशी बोलू लागलं की परवानगी विचारतो. भाषा अशी असते की कोणीही घाबरून 'ब्लॉक' दाबेल. सायनरची पानं नेमकी तेच करत असल्याने (प्रश्न ६) 'ब्लॉक' दाबलं की सही बंद. पोर्टलचं पान उघडं असताना पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा, लोकल नेटवर्कची परवानगी शोधून 'अलाउ' करा आणि पान पुन्हा लोड करा. ही परवानगी त्या पोर्टलपुरतीच द्या. रेसिपीच्या पानाने मागितली तर 'ब्लॉक'च बरोबर.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. नव्या टॅबमध्ये एचटीटीपीएस लावून १२७.०.०.१ आणि पोर्ट १५८५ असा पत्ता उघडा. इशारा आला तर 'ॲडव्हान्स्ड'मधून पुढे जा. हा पत्ता तुमच्याच संगणकाचा असल्याने इथे चालतं, एरवी असला इशारा ओलांडू नका. तरीही नाही झालं तर एमसायनर बंद करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने सुरू करा.

८. मुलांसाठी जपून ठेवलेले फ्लॅशचे खेळ आणि शाळेच्या सीडीवरचे धडे आता उघडत नाहीत. जुना फ्लॅश कुठे मिळेल?

शोधू नका, 'जुना फ्लॅश' देणाऱ्या साइट म्हणजे प्रश्न २. रफल हे एक्स्टेन्शन टाका. ते फ्लॅशची नक्कल ब्राउझरच्या कुंपणात राहून करतं, आणि इंटरनेट आर्काइव्ह नोव्हेंबर २०२० पासून तेच वापरतं. जुन्या ॲक्शनस्क्रिप्ट १ आणि २ मधले खेळ जवळपास सगळे चालतात, ॲक्शनस्क्रिप्ट ३ मधले काही चालतात, काही अडखळतात. सीडीवरच्या एसडब्ल्यूएफ फाइलींसाठी रफलचा वेगळा डेस्कटॉप प्रोग्रॅम आहे, त्यावर फाइल ओढून टाकली की झालं. सीडीवर ईएक्सई असेल तर ती तशीच चालवून बघा. बहुतेकदा प्लेअर तिच्या पोटातच असतो.

९. भौतिकशास्त्राचं एक जुनं जावा ॲपलेट वर्गात दाखवायचं आहे. जावा टाकला, तरी क्रोम 'प्लगइन नाही' म्हणतो.

जावा ११ पासून (२०१८) ब्राउझर प्लगइन जावातूनच काढलं गेलं, आणि क्रोमने त्याआधीच दार लावलं होतं. क्रोम आणि एजसाठी 'चीर्पजे ॲपलेट रनर' नावाचं एक्स्टेन्शन आहे, ते जावाशिवाय ॲपलेट चालवतं. सुरू व्हायला वेळ घेतं, तेव्हा तासाच्या आधी एकदा उघडून ठेवा. फाइलचं टोक जेएनएलपी असेल तर ते ॲपलेट नव्हे, वेब स्टार्ट. त्यासाठी ओपनवेबस्टार्ट घ्या.

१०. पीडीएफ उघडला की आत फक्त 'प्लीज वेट' लिहिलेलं येतं. अडोबीचं प्लगइन टाकू?

हा एक्सएफए जातीचा अर्ज आहे. 'प्लीज वेट' हेच त्याचं एकमेव खरं पान, बाकीचा अर्ज ज्याला ती भाषा येते त्यालाच दिसतो. क्रोमऐवजी फायरफॉक्समध्ये उघडा. ऑक्टोबर २०२१ पासून (आवृत्ती ९३) त्याला असे अर्ज भरता येतात. अर्जावर डिजिटल सही करायची असेल तर मात्र फाइल डिस्कवर उतरवून अडोबी रीडरमध्येच उघडा.

११. डिजिटल सातबारा ब्राउझरमध्ये उघडला तर सहीवर प्रश्नचिन्ह दिसतं. बँकवाला म्हणतो चालणार नाही. कुठलं प्लगइन टाकू?

कुठलंच नाही. क्रोम सही तपासत नाही, फक्त तिचं चित्र दाखवतो. अडोबी रीडरमध्ये उघडा, सहीवर क्लिक करून 'सिग्नेचर प्रॉपर्टीज', 'शो सायनर्स सर्टिफिकेट', मग 'ट्रस्ट' भागात 'ॲड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स' करा आणि पुन्हा 'व्हॅलिडेट' करा. प्रश्नचिन्हाच्या जागी हिरवी खूण येते.

ही खूण तुमच्या संगणकावरच उमटते, बँकेच्या नाही. म्हणून छापील प्रत घेऊन वाद घालण्यापेक्षा उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक दाखवा. महाभूमीच्या डिजिटल सातबारा पोर्टलवर तो टाकला की बँकवाल्याला मूळ उतारा स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

१२. जुन्या मराठी साइटवर सगळी अक्षरं इंग्रजी कचऱ्यासारखी दिसतात आणि 'फॉन्ट डाउनलोड करा' येतं. ती ईएक्सई टाकावी का?

ईएक्सई नकोच. युनिकोड रुळण्याआधी मराठी साइट आपापल्या कोडचे फॉन्ट वापरत, श्री-लिपीचे, सी-डॅकचे, आणखी कितीतरी. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. काही साइट तर इंटरनेट एक्स्प्लोररलाच कळणारे 'डायनॅमिक फॉन्ट' पाठवत. फॉन्ट नसला की तुकड्यांखालची रोमन अक्षरं उघडी पडतात.

मजकूर हवा असेल तर पानावर कंट्रोल-यू दाबून 'फेस' (face) हा शब्द शोधा, शेजारी फॉन्टचं नाव असतं. मग त्याच फॉन्टचा युनिकोड परिवर्तक शोधून मजकूर त्यात पेस्ट करा. फॉन्ट चुकला तर परिणामही कचराच. रफार आणि पहिली वेलांटी शेवटी हाताने दुरुस्त करावी लागतेच. नुसतं वाचायचं असेल तर आयई मोडमध्ये (प्रश्न ४) बघा. फॉन्टची फाइल अजून सर्व्हरवर असेल तर पान सरळ दिसू शकतं.

१३. झूमची लिंक उघडली की ॲप टाकायलाच लावतं. एकाच मीटिंगसाठी कशाला?

ॲप उघडायचं का असं विचारलं की 'कॅन्सल' करा, मग 'लाँच मीटिंग' एकदा दाबा आणि पुन्हा 'कॅन्सल'. खाली बारीक अक्षरांत 'जॉइन फ्रॉम युअर ब्राउझर' उगवतं. नाही उगवलं तर यजमानाने ती सोय बंद ठेवली असेल, त्यालाच सांगा. टीम्समध्ये 'कंटिन्यू ऑन धिस ब्राउझर' समोरच असतं.

१४. माझ्याकडे मॅक / लिनक्स / फक्त मोबाइल आहे.

मॅक आणि लिनक्सवर आयई मोड नाही, तिथल्या एजमध्येही नाही. प्रश्न ३, ८ आणि ९ मधले आणि डीव्हीआरसाठीचा व्हीएलसी हे उपाय तिथेही चालतात. ॲक्टिव्हएक्स अटळच असेल तर आभासी यंत्रात विंडोज चालवा. मोबाइलवर 'डेस्कटॉप साइट' करून प्लगइन उगवत नाही. डीव्हीआरसाठी कंपनीचं ॲप घ्या.

१५. मित्राने पेनड्राइव्हवर जुना फायरफॉक्स दिला, त्यात सगळं चालतं. तोच वापरला तर?

चालतं म्हणूनच धोका. त्या ब्राउझरच्या सगळ्या फटी आता जगजाहीर आहेत. बंद नेटवर्कवरच्या एखाद्या यंत्रासाठी, बाहेरचं इंटरनेट तोडलेल्या आभासी यंत्रात ठेवा. त्याच ब्राउझरमधून जीमेल आणि बँक उघडणार असाल तर नको. एनपीएपीआय लागतंच आणि अपडेटही हवे, तर पेल मून हा ब्राउझर ते अजून सांभाळतो.

१६. फायरफॉक्स ओटीटीवर 'डीआरएम चालू करा' म्हणतो. हेही प्लगइनच ना? आणि ऑनलाइन परीक्षेचा वेगळा ब्राउझर टाळता येईल?

पहिलं म्हणजे वाइडवाइन, सिनेमाची नक्कल होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप. ते ब्राउझर स्वतःच उतरवतो आणि कुंपणात ठेवतो. नाही म्हटलं तर सिनेमा दिसणार नाही, बाकी काही बिघडत नाही. दुसरं, नाही. सेफ एक्झाम ब्राउझरसारख्या गोष्टींना वळसा घालायचे उपाय आम्ही सांगत नाही. पकडला गेलात तर पेपर रद्द होईल. आपल्या लॅपटॉपवर टाकायचा नसेल तर संस्थेकडे परीक्षेपुरता संगणक मागा. टाकलाच तर परीक्षा झाल्यावर काढून टाका.

१७. सरकारी साइट अजूनही जुनं प्लगइन मागते. तक्रार कुठे करायची?

सरकारी संकेतस्थळांसाठी जीआयजीडब्ल्यू नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ ची. पान वेगवेगळ्या ब्राउझरांत चालावं ही त्यातली अपेक्षा आहे. राज्याच्या खात्यासाठी 'आपले सरकार'चं तक्रार निवारण पोर्टल, केंद्राच्या खात्यासाठी सीपीग्राम्स.

'साइट चालत नाही' एवढंच लिहिलं तर 'आमच्याकडे चालते' असं उत्तर येतं. पानाचा पूर्ण पत्ता, ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती, कुठल्या पायरीवर कुठलं प्लगइन मागितलं, त्या प्लगइनचा आधार कधी संपला (तारखा प्रश्न १ मध्ये आहेत) आणि पडद्याचं चित्र, एवढं जोडा. अर्जाची मुदत जवळ असेल तर त्याच तक्रारीत कागदी अर्ज स्वीकारण्याची विनंती करा आणि तक्रार क्रमांक त्या कागदी अर्जावर लिहून पोच घ्या.